दुपारच्या कुलपाबद्दल उद्यान अधीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या महापालिका आणि नगरपालिकांचे सर्व उद्यान अधीक्षक, उद्यान निरीक्षक आणि त्यांची अंदाजपत्रकं मंजूर करणारे सगळे

विषय : अगदी लहान बागा दुपारी उघड्या ठेवणे आणि त्यांच्यात उरलेली माती वाचवणे याबाबत

महोदय, महोदया,

हे पत्र एका बागेबद्दल आहे, पण तिचं आणि शहराचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर उद्या सकाळी आमच्या माळीदादांना 'तुमच्या बागेची बोंब बाहेर कशी गेली' म्हणून विचारणा होईल, आणि ते कंत्राटावर आहेत. शिवाय नाव नसलं तरी अडत नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या हद्दीत अशी एक तरी बाग असणार.

मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आरेखक होतो. सवय जात नाही. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात टेप घेऊन बाग मोजली. अकरा मीटर बाय सतरा मीटर. म्हणजे १८७ चौरस मीटर, फुटांत सांगायचं तर दोन हजारांच्या वर जेमतेम तेरा. तीन बाजूंना चार-पाच मजली इमारती, चौथ्या बाजूला रस्ता. माझ्या लहानपणी इथे टांग्यांचा अड्डा होता. मधोमध कडुनिंब, त्याला दगडी पार आणि कडेला घोड्यांना पाणी पाजायची डोण. टांगे गेले, डोण गेली, जागा कोणी बळकवायच्या आत त्या वेळच्या एका शहाण्या नगरसेवकाने तिला तारेचं कुंपण घालून 'बालोद्यान' अशी पाटी लावली. एवढाच तिचा इतिहास.

आता मुद्द्यावर येतो. बागेची वेळ सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चार ते रात्री आठ. मधले पाच तास कुलूप. ही वेळ शहरातल्या सगळ्या बागांना एकच आहे. पंधरा एकरांच्या, तिकीट काढून आत जायच्या, कारंजं आणि फुलराणी असलेल्या बागेलाही हीच आणि आमच्या १८७ मीटरलाही हीच.

गेल्या वर्षी एप्रिलात माळीदादा पुतण्याच्या लग्नाला गावी गेले आणि बदलीवर आलेला मुलगा कुलूप लावायचं विसरला. मला औषधाच्या दुकानात जायचं होतं. साडेबाराला दार उघडं दिसलं म्हणून आत जाऊन बसलो, तो तीनपर्यंत बसलोच.

पावणेएकला दोन बाया आल्या. आमच्याच भागात स्वयंपाकाची आणि भांड्यांची कामं करतात. एकीला मी ओळखतो, समोरच्या इमारतीत पोळ्यांना येते. एरवी ती बंद पडलेल्या लाँड्रीच्या पायरीवर, रस्त्याकडे पाठ करून डबा खाते, हे मी रोज खिडकीतून पाहत आलोय. त्या दिवशी दोघी निंबाच्या पाराच्या कडेला, जिथे सावली होती तिथे, चपला काढून मांडी घालून बसल्या. एकीने डब्याच्या झाकणात दुसरीला भेंडीची भाजी दिली. जेवण झाल्यावर बागेच्या नळावर डबे विसळले आणि दहा मिनिटं चक्क आडव्या झाल्या. मग घरपोच जेवण पोचवणारी तीन पोरं आली. पाठीवरच्या चौकोनी पेट्या त्यांनी गाडीवर ठेवल्या, आत आले आणि फोन समोर धरून गप्प बसले. ऑर्डर आली की एकेक जण उठून जायचा. सव्वाएकला शाळा सुटलेला, पण शिकवणी दोनला असलेला एक मुलगा आला. त्याच्या घराला कुलूप असणार. दप्तर उशाला घेऊन त्याने वेफर्सचं पाकीट फार हळूहळू संपवलं.

यातलं एकही माणूस सकाळी सहा ते अकरात बागेत येत नाही. सकाळी आम्ही येतो. आम्ही म्हणजे पेन्शनवाले, हास्यक्लबवाले, मधुमेहवाले. आम्हाला घर आहे, घरात पंखा आहे. दुपारी बाग ज्यांना लागते त्यांना त्या वेळी आमच्या गल्लीत बसायला एक वीतही जागा नसते. नेमकी तेव्हा ती बंद.

मोठ्या बागेला दुपारी कुलूप लागलं तर मी समजू शकतो. तिथे झाडलोट असते, हिरवळीला पाणी द्यायचं असतं, माणसांची पाळी बदलते. पण मोठ्या बागेत माणूस ठरवून जातो. मुलांना कपडे घालून, रिक्षा करून, रविवारी. लहान बागेत कोणी ठरवून जात नाही. ती वाटेत लागते. माणूस पंधरा मिनिटं टेकतो आणि उठतो. वाटेत लागणारी जागा ज्या वेळी वाट वाहती असते त्या वेळी बंद ठेवायची, म्हणजे एसटी स्टँडवरचा पाणपोईचा माठ उन्हाळ्यात उपडा घालून ठेवण्यासारखं आहे.

तुम्ही म्हणाल, दुपारी तिथे गर्दुल्ले बसतात, पोरं पत्ते कुटतात, जोडपी येतात. बरोबर आहे. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. सहा वर्षांपूर्वी बागेत फुटलेल्या बाटलीची काच एका पाच वर्षांच्या मुलीच्या पायात गेली. चार टाके पडले. त्यानंतर दुपारी कुलूप लावा म्हणून जो अर्ज गेला, त्यावर आमच्या तीन इमारतींतल्या एकतीस जणांच्या सह्या आहेत आणि तिसरी सही माझी आहे. तुमच्या निरीक्षकांनी आठ दिवसांत कुलूप लावलं. मला वाटतं, माझ्या उभ्या आयुष्यात सरकारी दरबारी इतक्या झटपट मान्य झालेला हा एकच अर्ज.

पण बाटली रात्रीची होती. दुपारी बाग उघडी असताना तिथे कोणी पीत नव्हतं, कारण दुपारी तिथे माणसं होती. आम्ही रात्रीच्या दुखण्यावर दुपारी पट्टी बांधली. जोडप्यांबद्दल म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. दोन खोल्यांत सात माणसं राहणाऱ्या घरातली पोरं बोलायला कुठे जाणार? पाराच्या दोन बाजूंना पाठ करून दोघं फोनवर बोलत बसतात, त्याने कोणाचं काय बिघडतं? रात्री आठला कुलूप लावा, हरकत नाही. कुंपण कमरेएवढं ठेवा, म्हणजे रस्त्यावरून आतलं सगळं दिसेल. आमच्या बागेला सहा वर्षांपूर्वी सात फुटी लोखंडी ग्रिल लावलं आणि वर भाले. आत कैदी असल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे रात्री उडी मारून जाणाऱ्यांना त्याचा काडीचाही अडसर झालेला नाही.

ग्रिलचा विषय निघालाच आहे तर सुशोभीकरणाबद्दल बोलतो. ते काम झालं तेव्हा मी अंदाजपत्रक मागून घेतलं. खात्यात असताना अशी हजारो पाहिली आहेत, वाचता येतात. बाबी अशा : पेव्हर ब्लॉक, चौरस मीटरने. कर्ब स्टोन, रनिंग मीटरने. ग्रिल, किलोने. पाराला ग्रॅनाइट, चौरस मीटरने. व्यायामाची उपकरणं, नगांनी, चार. दिव्यांचे खांब, नग, सहा. कार्पेट हिरवळ, चौरस मीटरने. फॉक्सटेल पाम, नग, आठ. शिवाय नामफलक, त्याची किंमत मुलांच्या घसरगुंडीपेक्षा जास्त.

मला यात भ्रष्टाचार शोधायचा नाही. मला दिसलं ते वेगळंच. ज्या मोजमाप पुस्तकावरून कंत्राटदाराचं बिल निघतं त्यात जे जे चढवता येतं ते ते बागेत आलं, आणि जे चढवता येत नाही ते गेलं. सावलीला दरसूचीत, म्हणजे कामांच्या ठरलेल्या दरांच्या सरकारी यादीत, बाब नाही. उघड्या मातीला बाब नाही. 'आहे तसं राहू दे' याला तर दर मिळणारच नाही. कंत्राटदाराला पैसे मिळतात ते काहीतरी बसवल्याचे. त्यामुळे जागा जितकी लहान तितकी ती लवकर भरते. पंधरा एकरांत चार व्यायामयंत्रं हरवून जातात. आमच्याकडे त्यांनी मुलांचं पळणंच संपवलं.

ग्रॅनाइटचं तर विचारू नका. जुना पार काळ्या दगडाचा होता, खडबडीत, कडा झिजून गोल झालेल्या. त्यावर काळा गुळगुळीत ग्रॅनाइट चढवला. मेमध्ये निंबाची सावली जिथवर पोचत नाही तिथे दुपारी हात टेकवून बघा, चटका बसतो. आणि पावसाळ्यात त्यावरून आमचे शेजारी घसरले. पार ही खरं तर आपल्याकडची सगळ्यात जुनी लहान बाग. एक झाड, त्याभोवती बसायला एक कट्टा, बस्स. पुण्याच्या सदाशिव पेठेत नागनाथ पार हे नाव अजून पत्त्यात चालतं. कुठल्या निविदेत हे बसलं असतं?

निंबाचं सांगायचं राहिलं. पेव्हर ब्लॉक त्याच्या बुंध्याला टेकेपर्यंत आणले आणि सांधे सिमेंटने भरले. दुसऱ्या वर्षी दक्षिणेकडची एक फांदी वाळली, यंदा दुसरी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आमच्याकडे झाडांच्या जतनाचा राज्याचा स्वतंत्र कायदा १९७५ पासून आहे आणि तो मुख्यतः झाड तोडण्याबद्दल बोलतो. गुदमरवण्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही, कारण त्याला चार-पाच वर्षं लागतात आणि तोवर निरीक्षकांची बदली झालेली असते.

आणि ते आठ पाम. पाम दिसायला ठीक आहे, हॉटेलच्या दारात शोभतो. त्याच्याखाली मांजरसुद्धा बसत नाही. त्याऐवजी दोन करंज, एक बकुळ आणि कोपऱ्यात एक तामण लावला असता तर आज सहा वर्षांत आमच्या १८७ मीटरवर एक छप्पर तयार झालं असतं. हिरवळीचं तर दुसऱ्याच वर्षी मातेरं झालं. हिरवळीला दिवसभर ऊन लागतं. तीन बाजूंना इमारती असलेल्या जागी ते कुठून येणार? मग 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी आली. आता हिरवळ नाही, पाटी आहे.

बाहेरच्या गोष्टी सांगितल्या की आपल्याकडे 'तिकडचं वेगळं' म्हणतात. तरी दोन-तीन सांगतो, कारण त्या आकड्यांच्या आहेत.

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ऐन गर्दीत, पूर्व ५३व्या रस्त्यावर, १९६७ साली पेली पार्क नावाची बाग झाली. ४,२०० चौरस फूट. आमच्या बागेच्या दुपटीहून किंचित जास्त, तिलाही तीन बाजूंना भिंती. त्यात काय आहे? मागच्या भिंतीवरून पडणारं वीस फुटी पाणी, त्याच्या आवाजात गाड्यांचा आवाज बुडतो. वर सावली धरणारी बारीक पानांची झाडं. आणि सुट्या खुर्च्या, ज्या उचलून कुठेही नेता येतात. बाकी काही नाही. खुर्च्या सुट्या ठेवल्या तर चोरीला जातील, असं तिथेही कोणीतरी म्हणालं असेलच.

अॅम्स्टरडॅमचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण ती माणसंही आमच्यासारखीच पैशाने तंग होती. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, जागोजाग रिकामे पडके भूखंड. आल्दो व्हान आइक हा तरुण वास्तुरचनाकार तेव्हा महापालिकेच्या नोकरीत होता. १९४७ मध्ये त्याने एका चौकात पहिली खेळाची जागा केली : काँक्रीटच्या कडेचा वाळूचा हौद, उड्या मारायला ठोकळे, कोलांट्यांसाठी लोखंडी नळ्या आणि बाक. लोक पत्रं लिहून मागायला लागले की आमच्याही चौकात एक करा. पुढच्या तीसेक वर्षांत अशा सातशेच्या वर जागा झाल्या. प्रत्येक वेळी साधारण तेच पाच-सहा सुटे घटक, पण जागेप्रमाणे मांडणी निराळी. म्हणजे दरसूची त्यांच्याकडेही होतीच म्हणायची. फक्त तिच्या जोडीला रोज टेबलावर जागेचा नकाशा घेऊन बसणारा माणूस होता. आमच्या पामांच्या अंदाजपत्रकासोबत नकाशा नव्हता, हे मी आरेखक म्हणून दुखऱ्या मनाने नोंदवतो.

तिसरं उदाहरण विनोदी आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात रस्त्याच्या मधोमध दोन फूट व्यासाची एक अधिकृत बाग आहे, मिल एंड्स पार्क. दिव्याच्या खांबासाठी खणलेला खड्डा रिकामा राहिला होता, समोर कचेरी असलेल्या एका वार्ताहराने त्यात १९४८ मध्ये फुलं लावली. १९७६ पासून ती शहराच्या बागांच्या यादीत आहे. अलीकडे तो रस्ता नव्याने करायला घेतला तेव्हा बाग उडवली नाही, काही इंच सरकवली. आमच्याकडे रस्तारुंदीत दीड मीटर जाणार अशी चर्चा आहे. अकरातले दीड.

आपल्याकडचंही सांगतो. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, माणसं दाटीने मेली, मग १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दादर-माटुंग्याला वस्ती आखताना आधी कागदावर मोकळ्या जागा सोडल्या गेल्या. 'फाइव्ह गार्डन्स' म्हणतात त्या पाच बागा त्यातूनच झाल्या. त्याच मुंबईत आज माणशी मोकळी जागा १.२४ चौरस मीटर धरली जाते. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शिकेत दहा ते बारा सांगितली आहे. १.२४ म्हणजे किती, तर एका माणसाची झोपायची चटई याहून मोठी असते.

आता दाट वस्तीत कोणी पंधरा एकर आणून देणार नाही. मिळणार ते असेच तुकडे : पडलेल्या वाड्याचा कोपरा, बंद पंपहाउस, दोन रस्त्यांमधला त्रिकोण. विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षण टाकलेले लहान भूखंडही आहेत, पण ते हातचे कसे जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. नगररचना कायद्याचं कलम १२७. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही की मालक नोटीस देतो. त्यापुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाचं पाऊल उचललं नाही की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. मोठ्या भूखंडाची नोटीस आली तर वर्तमानपत्रात ओरड होते. दोन-तीन गुंठ्यांच्या भूखंडाची फाइल कपाटात पडून चोवीस महिने काढते. जागा सार्वजनिक बागेची असेल तर ती खासगी कामाला वळवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या एका प्रकरणात १९९१ मध्येच सांगितलं आहे. तिथे बागेच्या जागी खासगी रुग्णालय उभं राहायचं होतं आणि न्यायालयात गेले होते ते आसपासचे रहिवासी. म्हणजे आम्ही. हा धडा तुमच्यापेक्षा आमच्यासाठी आहे, मान्य.

तर मागणं. एक, अर्ध्या एकराखालच्या बागांना वेगळा वर्ग करा आणि त्यांना मोठ्या बागांची वेळ लावू नका. सूर्योदयापासून रात्री आठ-नऊपर्यंत सलग उघड्या ठेवा. त्यासाठी पहारेकरी लागत नाही, सकाळी उघडणारा आणि रात्री लावणारा हात लागतो. दुसरं, अशा बागेचं अंदाजपत्रक करण्याआधी तुमच्यापैकी कोणीतरी तिथे मे महिन्यात दुपारी एक ते दोन बसा. सावली कुठे पडते ती खडूने आखून घ्या. एवढ्याला निविदा लागत नाही. आणि आमच्या निंबाच्या बुंध्याभोवतीचे चार रांगा पेव्हर काढायची परवानगी द्या. पहार आमच्याकडे आहे. माणसंही आहेत, जरा म्हातारी आहेत इतकंच. व्यायामयंत्रांपैकी दोन मोडली आहेत, ती दुरुस्त केली नाहीत तरी चालतील.

कुलपाची दुसरी चावी ठेवायला जागा मी बघून ठेवली आहे. बागेच्या दारासमोर चहाची टपरी आहे, ती पहाटे साडेपाचला उघडते आणि रात्री नऊला बंद होते. टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, खिळा ठोकतो, पण लेखी आणा."

ते लेखी तेवढं पाठवा.

आपला,
एक निवृत्त आरेखक

ता. क. गेल्या महिन्यात दोन नवे बाक आले, आभारी आहोत. पण दोन्ही नामफलकाकडे तोंड करून काँक्रीटमध्ये पक्के केले आहेत. त्यावर बसलं की पुढ्यात मान्यवरांची नावं आणि पाठीमागे झाड. हे चुकून झालं असावं असं धरून चालतो.